पान्याची बोट

ड्रायव्हरकाकांना बोट पसंत पडत नव्हती. ही नाही, ती नाही, मागच्या आठवड्यातली नाही, त्याच्या आधीची तर मुळीच नाही. एकीत कुबट वास येत होता. एकीचा निळा रंग डोळ्यांत खुपत होता. एकीच्या खुर्च्या म्हणे बूड टेकवायच्या लायकीच्या नव्हत्या. जुन्या मोटर यॉट विकून देणारा दलाल बिचारा धक्क्यावरून पुढे पुढे चालायचा, चावी लावायचा, इंजिन चालू करून दाखवायचा, आणि काका खिशात हात घालून नाक मुरडायचे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे. इथे नवरी नाकीडोळी नीटस होती. विघ्न एकच होतं आणि ते टोपी घालून बरोबर फिरत होतं.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर बस चालवलेल्या माणसाला यॉटमधलं काय कळतं? काही कळत नाही! पहिल्या दिवशी काकांनी सवयीनं बोटीच्या कडेला एक हलकी लाथ घालून पाहिली, टायरमधली हवा बघतात तशी. मग चाकाशी बसून इकडे तिकडे मान वळवली आणि विचारलं, “हिला आरसा कुठाय?”

“काका, समुद्रात मागून कोण येणार आहे?” दलाल म्हणाला.

“मागून कोण येतंय ते आरशात बघितल्यावरच कळतं,” काका म्हणाले. आरसा नाही, सबब बोट नको.

कळणारी होती ती त्यांची सून. ती सरळ खाली उतरायची, इंजिनावरचं झाकण उचलायची, टॉर्च तोंडात धरून पोटावर आडवी व्हायची आणि गालाला ग्रीस लावून वर यायची. “इंजिन बरं आहे, बाबा,” असं म्हणायची. बाबांना मग खुर्ची टोचायची.

ही विद्या तिला नवऱ्यानं दिली होती. काकांच्या मुलाचं कागदावरचं नाव काही का असेना, सगळं बंदर त्याला पान्या म्हणायचं, कारण चालायला लागायच्या आधीपासून त्याच्या हातात पाना. बसच्या डेपोत बापाबरोबर जाऊन इंजिनं बघत मोठा झाला आणि पुढे बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. लग्न झाल्यावर बायकोला टॉर्च धरायला बसवलं. टॉर्च धरता धरता ती इतकी शिकली की शेवटी कधीकधी तोच टॉर्च धरायचा. त्याचं एकच वेड होतं. एक जुनी मोटर यॉट घ्यायची, चांगली झोपायची बाकं, स्वयंपाकाचा ओटा, छोटं न्हाणीघर असलेली, ती स्वतःच्या हातानं नवी करायची आणि लोकांना समुद्रात फिरवून आणायचं. सुट्टीच्या दिवशी दोघं नवरा-बायको बोटी बघत हिंडायची. काकांनाही ओढून न्यायचा तो. “बाबा, तुम्ही चालवायची. मी इंजिन बघतो, ही हिशेब बघेल.” काका म्हणायचे, “उचलली जीभ लावली टाळ्याला! मला पोहता येतं का?”

मग एक दिवस पान्या कामावर, इंजिनात डोकं घालून बसलेला असतानाच, तिथल्या तिथे आडवा झाला. डोक्यातली नस फुटली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. पोटचा पोर गेला. यावर आणखी काय सांगायचं असतं?

सून राहिली. पान्याचं काम तिनं चालू ठेवलं. सकाळी जाताना “येते हं, बाबा” म्हणायची ते अगदी त्याच्याच सुरात. इंजिनाचा आवाज ऐकताना मान कलती करायची, तीही त्याच्यासारखी. पान्या गेला तो तिच्यात थोडा मागे राहिला, असं काकांना वाटायचं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

पण घरात काकू होत्या. काकू म्हणजे पाण्यात पडलेलं मांजर बाहेर काढताना आधी त्याला शिव्या घालतील अशी बाई. त्यांनीच सुनेसाठी स्थळ बघितलं. दूरच्या गावात, समुद्रापासून लांब, शाळेत गणित शिकवणारा एक माणूस. बायको वारलेली, एक लहान मुलगी. सून तीनदा नाही म्हणाली. चौथ्या खेपेला गप्प बसली. मग त्या माणसाचे फोन यायला लागले, आणि काही दिवसांनी सून फोन घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागली.

“तिनं काय जन्मभर आपल्या दोघांच्या चपला सरळ करत बसायचं?” काकू म्हणाल्या.

“मी कुठे नको म्हणतोय?”

“तोंडानं नाही म्हणत. तोंड कसं झालंय ते बघा जरा.”

शेवटी सून हो म्हणाली, पण एका अटीवर. “यांची बोट राहिलीय. आधी ती शोधून आणून आपल्या धक्क्याला लावते. बाबांना चालवायला शिकवते. मग जाते.” पान्यानं बोटीसाठी बाजूला ठेवलेला पैसा होताच. अटीला नाही कोण म्हणणार? गणिताचे मास्तरही “बरं” म्हणाले.

म्हणजे बघा. बोट मिळाली की सून गेली. बोट मिळत नाही तोवर ती इथेच. यापुढचं कळायला काही गणिताचा मास्तर लागत नाही. काकांनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा नाही. त्यांना खरोखरच प्रत्येक बोटीत वास यायला लागला होता.

मग ती पांढरी बोट आली.

एका दातांच्या डॉक्टरची होती. म्हातारपणी त्याला समुद्र झेपेना म्हणून विकायला काढलेली. तिच्यात शिरताच काका चपापले, कारण ती चांगली होती. चांगली म्हणजे अशी की बोट ठेवायला जागा नाही! इंजिनाची खोली त्या डॉक्टरनं आपल्या दवाखान्यासारखी ठेवलेली. लाकडाला पॉलिश, पितळेला चकाकी. ओट्याचा नळ टपकत नव्हता. काकांनी सगळे खण उघडून बघितले. नाक आत घालून वास घेतला. साबणाचा वास आला.

सून इंजिनाशी बराच वेळ होती. वर आली तेव्हा नेहमीसारखं “इंजिन बरं आहे” म्हणाली नाही. चाकावर हात ठेवून उभी राहिली. काकांना कळलं की पान्या असता तर तो आत्ता इथे उड्या मारत असता.

“ही शिडी जरा…” काकांनी सुरुवात केली.

“बाबा,” सून म्हणाली.

एवढंच म्हणाली. काकांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, केस कसेतरी बांधलेले, पायातला बूट पुढून उसवलेला. इतके महिने आपण या पोरीला धक्क्या-धक्क्यावरून फिरवतोय, आपल्या हौसेसाठी! काकांना स्वतःची लाज वाटली. दलालानं तर आशाच सोडली होती. तो खिशात चावी टाकून निघण्याच्या बेतात होता.

“घेऊन टाकू,” काका म्हणाले. “शिडी काय, शिडी बदलता येते.”

दलालाला ते दोनदा सांगावं लागलं.

बोट घरी आणायची म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्यानं दोन दिवसांचा प्रवास. काका पाण्याला घाबरायचे हे सांगायचं राहिलंच. पहिले काही तास त्यांनी एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं टोपी धरून काढले. मग सुनेनं त्यांना चाकाशी बसवलं.

“ही बस नाही, बाबा. हिला ब्रेक नसतो. धक्का दिसायला लागला की आधीच वेग सोडून द्यायचा. पाणीच तिला थांबवतं.”

“आणि मधे कुणी आडवं आलं तर?”

“तर लांबूनच वळायचं.”

“म्हणजे नशिबावर हवाला!” काका म्हणाले, पण हळूहळू त्यांच्या हाताला गोडी लागली. चाक हलकं होतं. खड्डे नव्हते, सिग्नल नव्हता, मागे घंटी मारणारा कंडक्टर नव्हता. ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि सून पुढच्या बाजूला पाय सोडून बसली होती. तिनं मागे वळून विचारलं, “कसं वाटतंय?” तेव्हा काकांना वाटलं, हे असंच चालू राहावं. बंदर येऊच नये. आणि मग त्यांना आठवलं की बंदर उद्या दुपारीच येणार आहे, आणि परवाच्या बसनं सून जायची आहे.

डेपोत एक जुनी खोडी होती. एखाद्या ड्रायव्हरला पुढची फेरी मारायची नसली की तो हळूच टाकीखालचा डिझेलचा कॉक बंद करायचा. नळीत उरलेल्या तेलावर गाडी थोडी चालते, मग आचके देऊन बंद पडते. “साहेब, गाडीनं एअर धरली,” असं सांगायचं. नळीत हवा शिरली की ती काढत बसावी लागते, तासभर सुटका. काकांनी तरुणपणी हे केलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा.

दुपार कलल्यावर सून चाकाशी बसली, आणि काका पाणी प्यायला म्हणून खाली गेले. पायऱ्यांच्या बाजूला झाकण होतं, झाकणाखाली कॉक. इंजिन बसचं असो की बोटीचं, डिझेल नळीतूनच जातं. काकांनी कॉक फिरवला, पाणी प्यायले आणि वर येऊन साळसूदासारखे बसले.

इंजिन खोकलं, आचके दिले आणि बंद पडलं. एकदम एवढी शांतता झाली की बोटीच्या कडेला आपटणारं पाणी ऐकू यायला लागलं.

सुनेनं आजूबाजूला नजर टाकली. वारा बोटीला हळूहळू एका टेकडीच्या आडोशाला नेत होता. तिथे पाणी उथळ होतं. तिनं नांगर टाकला, पाना घेतला आणि खाली गेली. काका वर बसले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, “एअर धरलीय, बाबा. वेळ लागेल.”

काकांना आधी हायसं वाटलं. मग वाटलं, पोरगी एकटी राबतेय, निदान टॉर्च तरी धरावा. ते पायऱ्यांपाशी आले, वाकून बघितलं आणि तिथेच थांबले. झाकण उघडं होतं. कॉक सरळ होता, चालू केलेला. आणि सून इंजिनाशेजारी मांडी घालून नुसती बसली होती. पाना मांडीवर होता. ती कसलीही हवा काढत नव्हती. काही करत नव्हती.

काका पाऊल न वाजवता मागे फिरले.

संध्याकाळी सुनेनं चहा केला. दोघं मागच्या बाकावर बसली. टेकडीवर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या.

“यांनी मला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्या डेपोतली कॉकची गोष्ट. फार हसायचे सांगताना.”

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. काकांच्या मनात आता टिपूर पडलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. “मग लगेच चालू का नाही केलंस?”

“करणारच होते.” तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. “तुम्ही बंद केलात हे बघून मला बरं वाटलं, बाबा. वाटलं, आजचा दिवस राहू या इथेच.”

“मग राहू या की. उद्याही राहू.”

“नाही.” तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मला जायचं नाही असं तुम्हाला वाटतं ना? आई जबरदस्तीनं पाठवतायत, असं? तसं नाहीये. मला जायचंय. मला ते आवडतात. त्यांची मुलगी फोनवर मला पाढे म्हणून दाखवते, आणि मी दिवसभर त्या फोनची वाट बघते. हेच मला सहन होत नाही. बोट आणल्याशिवाय जाणार नाही म्हटलं, ते यांच्यासाठी म्हटलं हे खरं. पण मला भीतीही होती. तुम्ही म्हणाल, विसरली.”

काका खोटं बोलणार होते. तोंडाशी आलं होतं, “छे छे, असं कुठे.” पण ज्या पोरीनं आत्ताच एवढं खरं सांगितलं तिला खोटं काय सांगायचं?

“म्हणालो,” ते म्हणाले. “तू ओट्यावर फोन घेऊन जायचीस ना, तेव्हा मनात म्हणालो. विसरली म्हणून.”

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

“पण मनातलं सगळंच काही खरं नसतं,” काका म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाच्या मनात वाटेल ते येतं. तू लक्ष देऊ नकोस.” मग त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पान्याबद्दल, पण ते राहिलंच. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच वेळी त्यांनी ठरवलं की आता आपण हिच्या वाटेत आडवं यायचं नाही. काहीही झालं तरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपलं बंदर दिसायला लागलं. धक्क्यावर काकू उभ्या होत्या, हातवारे करत. धक्क्याला बोट आपणच लावणार म्हणून काकांनी हट्ट धरला. पान्यानं तेच सांगितलं होतं ना, तुम्ही चालवायची म्हणून? सून शेजारी उभी राहिली. “आता वेग सोडा. आणखी सोडा.” काकांनी सोडला. बोट शहाण्यासारखी सरकत आली. सगळं छान चाललं होतं. पण मग काकूंचा चेहरा स्पष्ट दिसायला लागला, धक्क्याचे दगड मोठे व्हायला लागले, आणि जन्मभराची सवय काकांच्या उजव्या पायात उतरली. त्यांनी पाय जोरात दाबला. खाली ब्रेक नव्हता, नुसती फळी होती. त्यांनी पुन्हा दाबला. बोट आपली येतच राहिली. मग घाबरून त्यांनी वेगाचा दांडा पुढे रेटला आणि तशा वेगातच गिअर खसकन मागचा टाकला. आत कडाडलं, बोट थरथरली, आणि धक्क्याला लावलेल्या जुन्या टायरांवर जाऊन दाणकन आदळली.

“अहो!” काकू ओरडल्या. “घर आलं म्हणून काय घरात घुसायचं का?”

सून हसायला लागली. पोट धरून, खाली बसून हसली. पान्या गेल्यापासून तिला असं हसताना कुणी बघितलं नव्हतं. काकांचा पाय अजून फळीवर दाबलेलाच होता, आणि ते बघून ती आणखी हसली. काकूही हसल्या. पण या हसण्यात एक माणूस कमी होता.

बोट नीट लावायची म्हणून सुनेनं ती स्वतः थोडी मागे-पुढे घेतली. मधेच थांबली. मान कलती केली. पुन्हा गिअर टाकला, पुन्हा ऐकलं.

“बाबा, गिअर टाकल्यावर आत खरखर होतेय.”

“कसली खरखर?”

“आत्ता सुरू झाली. उघडून बघायला हवं. चार-पाच दिवस तरी लागतील.” ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. “मी त्यांना कळवते. पुढच्या आठवड्यात येते म्हणून.”

काका हरखले. पुढचा आठवडा! आणि गिअर उघडला की त्यात आणखी काहीतरी निघतंच, मग आणखी एक आठवडा. काही करायला नको होतं, नुसतं “बरं” म्हणायचं होतं. त्यांना कालची टेकडी आठवली, सरळ केलेला कॉक आणि मांडीवरचा पाना.

“काही खरखर नाही,” ते म्हणाले.

“मी ऐकली ना.”

“मी जन्मभर गिअर टाकले. मला नाही आली ऐकू. बोट ठणठणीत आहे. तुझं उद्याचं ठरलंय, तू उद्या जायचं.”

“बाबा, खरंच आवाज येतोय.”

“सूनबाई,” काका म्हणाले, “माझ्यावर एक उपकार कर. आता कॉक बंद करू नकोस.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं इंजिन बंद केलं आणि चावी त्यांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती बसनं गेली; लग्न तिकडेच साधेपणानं नोंदवायचं ठरलं होतं. काका-काकू तिला सोडायला आले. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, ओळखीचा नव्हता. काकांनी त्याच्या खिडकीशी जाऊन विचारलं, “ब्रेक नीट आहेत ना रे?” तो हसला. “आहेत, काका.” सून खिडकीतून बघत होती. बस वळून दिसेनाशी झाली तरी काका फलाटावर उभे होते. काकूंनी शेवटी त्यांच्या दंडाला धरून घरी नेलं.

त्यानंतरचे काही दिवस काकांनी एका गोष्टीवर काढले. संध्याकाळी बोटीत जाऊन बसायचे आणि काकूंना सांगायचे, “आवाज-बिवाज काही नव्हता, बरं का. तिचा पायच निघत नव्हता. म्हणून तो आवाज काढला तिनं.” काकू हो म्हणायच्या. तेवढ्यावर काकांना झोप लागायची. जायचं होतं तिला, पण राहायचंही होतं. जाता जाताही ती राहायला बघत होती.

मग पहिली गिऱ्हाइकं आली. एक कुटुंब, दोन मुलं. काका टोपी घालून चाकाशी बसले, मुलांना म्हणाले, “आत सरका, आत सरका!” बोट बंदराबाहेर गेली आणि काकांनी वेग वाढवला तशी आत मोठी काडकाड झाली. इंजिन चालूच होतं, पण बोट पुढे जाईना. एका कोळ्यानं दोर टाकून ओढत आणलं.

बंदरावरच्या मेकॅनिकनं गिअरबॉक्स बाहेर काढून फडक्यावर ठेवला. चक्रांचे दात झडले होते. “हे एका दिवसातलं नाही, काका. आधी एखादाच दात दुखावला असणार. तेव्हाच उघडला असता तर वाचला असता. आता असल्या जुन्या मॉडेलचे भाग मिळत नाहीत. आवाज येत असणार की! कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

“सांगितलं होतं,” काका म्हणाले.

म्हणजे आवाज होता. ती खरं तेच सांगत होती. राहायचं म्हणून नव्हे, तर बोट वाचवायची म्हणून सांगत होती. काकांनी ते झडलेले दात हातात घेऊन बघितले. पान्याची बोट आपणच मोडली याचं दुःख झालंच. पण दुसरं दुःख त्याहून मोठं होतं, आणि ते काकूंनाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

“तिला फोन करा,” काकू म्हणाल्या. “तिला यातलं कळतं. ती बघेल.”

“नाही करायचा.”

“अहो, पण…”

“ती धावत येईल. सगळं टाकून येईल. नाही करायचा म्हणजे नाही.”

फोन तिचाच आला. काका तेव्हा बोटीतच होते, काकू त्यांच्यासाठी डबा घेऊन आल्या होत्या. फोनमध्ये तिच्या मागे स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, कुणीतरी लहान मुलगी काहीतरी विचारत होती आणि सून तिला “थांब गं, आजोबांशी बोलतेय” म्हणत होती. तिचा आवाज भरल्या घरातल्या बाईचा होता.

“बाबा, कशी आहे बोट?”

“पळतेय,” काका म्हणाले.

“आणि तो आवाज?”

काका समोर बघत होते. फडक्यावर गिअरबॉक्स सुटा पडला होता. काकूंनी तोंड फिरवलं.

“कसला आवाज?” ते म्हणाले. “तेव्हाच सांगितलं नव्हतं का तुला, काही वाजत नाही म्हणून? घड्याळासारखी चालते.”

ती पलीकडे हसली. “मला त्या आवाजाची अगदी खात्री होती, बाबा. रोज मनात यायचं, आपण तसंच टाकून आलो. बरं झालं. आता सुट्टीत आम्ही तिघं येतो. हिला समुद्र बघायचाय. आम्हाला फिरवून आणाल ना?”

“ये की,” काका म्हणाले. “पण या सुट्टीत नको. सुट्टीत फार गर्दी असते बोटीवर. पाय ठेवायला जागा नसते. पुढे बघू निवांत.”

“एवढी गर्दी?”

“विचारू नकोस.”

ती खूश झाली. ते आवाजावरूनच कळत होतं. स्वतःची काळजी घ्या म्हणाली, आईंना नमस्कार सांगा म्हणाली आणि “ठेवते हं, बाबा” म्हणून फोन ठेवला. अगदी त्याच सुरात.

“काय म्हणाली?” काकूंनी विचारलं.

“मजेत आहे,” काका म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना. काकूंनी डबा बाजूला ठेवला आणि त्यांच्याजवळ बाकावर येऊन बसल्या.